उळं उगवलं झकास, आठव्या दिवशी लोळलं : बियावरच्या जिवाणूंचा खरंच उपयोग होतो का?

वाफसा (धागाकर्ता) | ७ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर. माझी नोकरी नाशकात, त्यामुळे शेती शनिवार-रविवार. एरवी सगळं भाऊ बघतो. रांगड्या कांद्यासाठी गेल्या महिन्याच्या शेवटी उळं टाकलं, म्हणजे रोपांसाठी बी पेरलं. घरचंच बी, आमच्याच डोंगळ्यांचं (बियासाठी राखलेल्या कांद्यांचं). उगवण बघून भावाने फोटो पाठवला, मी तो चार ग्रुपवर मिरवला. मग तीन दिवस झड लागली. पुढच्या शनिवारी जाऊन बघतो तर वाफ्यात जागोजागी टकलं. जेवणाच्या ताटाएवढी, गोल. कडेची रोपं उभी आणि मधली सगळी आडवी, जणू कोणी येऊन त्यांच्यावर बसून गेलंय.

शेजारी टोमॅटोचे दोन ट्रे होते, तिथेही तेच. टोमॅटोचं एक रोप हातात घेऊन नीट बघितलं. वरची दोन्ही दलं हिरवीगार, टवटवीत. मान मात्र मातीलगत सुतासारखी बारीक आणि पाणचट. चिमटीत धरून ओढलं तर साल बोटाला चिकटून आली आणि आतला पांढरा दोरा तेवढा उरला.

दुकानात कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (पाण्यात कालवून रोपांच्या मुळाशी ओतणं) करायला सांगितली. केली. दोन दिवसांनी टकलं अजून मोठी.

एका मित्राचं म्हणणं, बीजप्रक्रिया केली असती ट्रायकोडर्माची (रोगाच्या बुरशीला खाणारी बुरशी, पावडर मिळते) तर हे झालंच नसतं. दुसऱ्याने सांगितलं की बियावर स्वतःचेच जिवाणू असतात आणि तेच रोपाला सांभाळतात, आपण उगाच औषधं लावून त्यांना मारतो. यातलं खरं किती आणि व्हॉट्सॲप किती? कोणाचा अनुभव असेल तर लिहा. भावाचं मत नोंदवून ठेवतो: "पाऊस पडला, रोपं मेली. त्यात जिवाणू कुठून आणला?"

काळी_माती | ७ सप्टेंबर, रात्री ११:१५

तुमच्या भावाशी अर्धा सहमत.

सपाट वाफा की गादीवाफा? बी फोकलं की ओळीत टाकलं? झडीत पाणी साचलं असणार. आमच्याकडे गादीवाफ्यावर ओळीत, विरळ टाकायला लागल्यापासून हा त्रास निम्म्याहून कमी झाला. जिवाणू नंतर बघू, आधी पाण्याला वाट द्या.

वाफसा | ७ सप्टेंबर, रात्री ११:२८

सपाट. फोकलं. दाट. (मान खाली घातलेली बाहुली.)

सूक्ष्मदर्शी | ८ सप्टेंबर, सकाळी ६:५०

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, आता निवृत्त. त्यामुळे प्रतिसाद लांबणार, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट त्या आळवणीबद्दल. रोपवाटिकेतली मर हा एक रोग नाही, एकाच लक्षणाचे दोन-तीन वेगळे चोर आहेत. मान कोरडी, तांबूस-तपकिरी आणि आत दबलेली असेल तर बहुधा रायझोक्टोनिया. ती खरी बुरशी. तुम्ही वर्णन केलंय तशी पाणचट मान, सुटणारी साल, झडीनंतरचा झपाटा, हे सगळं पिथियमकडे बोट दाखवतं. आणि पिथियम दिसतो बुरशीसारखा, पण बुरशी नाही. त्याचं कूळ तपकिरी शेवाळांच्या जवळचं. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, याच्या भित्तिकेत सेल्युलोज. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या ज्या भागावर घाव घालतं, तिथे पिथियमवर ते लागूच पडत नाही. म्हणजे तुमच्या आळवणीने पिथियमचा केसही वाकडा झाला नाही. उलट मातीत जो काही ट्रायकोडर्मा होता तो मेला, कारण त्याला कार्बेन्डाझिम अजिबात सोसत नाही. चोर राहिला, कुत्रं मेलं.

दुसरी गोष्ट, बी मातीत पडल्यावर काय होतं. कोरडं बी पाणी पितं, फुगतं. फुगताना त्याच्या आतून साखर, अमिनो आम्लं, मेदाम्लं असं बरंच काही झिरपून बाहेर येतं. बियाभोवतीचा काही मिलीमीटरचा तो पट्टा म्हणजे लग्नघरचा मांडव समजा. वास सुटला की निमंत्रित, अनिमंत्रित सगळे धावतात. पिथियमचे बीजाणू मातीत महिनोन् महिने झोपून असतात, पण हा वास आला की काही तासांत जागे होतात. काही जातींचे तर दोन शेपट्यांचे चलबीजाणू सुटतात आणि मातीतल्या पाण्याच्या थरातून पोहत थेट बियाकडे येतात. बियावर पोचले की शेपट्या टाकतात, चिकटतात आणि आत शिरतात. म्हणून झड लागली की यांची दिवाळी.

यावरून एक लक्षात येईल. तुम्हाला रोप आठव्या दिवशी पडलेलं दिसलं, पण बऱ्याचदा निकाल पहिल्या दिवसातच लागलेला असतो. त्या मांडवात आधी कोण जाऊन बसलं, यावर.

सूक्ष्मदर्शी | ८ सप्टेंबर, सकाळी ७:२५

(पुढे चालू. मधे दूधवाला.)

आता चांगल्या जिवाणूंचं आणि चांगल्या बुरशींचं. लोकांची कल्पना अशी की चांगला जिवाणू वाईटाला मारतो, कुस्ती लागते. तेही होतं. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला वेढे घालून तिला खातो, सुडोमोनास नावाचा जिवाणू विष सोडतो, लोह पळवतो. पण मला सगळ्यात आवडलेला प्रकार मारामारीचा नाहीच.

अमेरिकेत इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथे एरिक नेल्सन यांच्या प्रयोगशाळेने बियाभोवतीच्या या पट्ट्यावर वर्षानुवर्षं काम केलं. काकडीच्या आणि सरकीच्या बियातून लिनोलिक आम्ल झिरपतं (करडईच्या तेलात भरपूर असतं तेच). पिथियमच्या एका जातीला जागं करणारा गजर म्हणजे हे आम्ल. एंटेरोबॅक्टर नावाचा एक जिवाणू बियावर बसवला तर तो हे आम्ल आधीच खाऊन टाकतो. गजर वाजतच नाही, पिथियम झोपलेलाच राहतो.

गंमत पुढे आहे. तोच जिवाणू मक्याच्या बियावर बसवला तर राखण होत नाही. का? मक्याच्या बियातून साखर जास्त झिरपते. जिवाणू आधी साखरेवर ताव मारतो, मेदाम्लं तशीच राहतात आणि पिथियमला जाग येते. पंगतीत जिलबी आधी वाढली तर भाजीला कोण हात लावणार? तेव्हा "अमुक जिवाणू सगळ्या पिकांवर चालतो" असं पाकिटावर वाचलं की मला हा मका आठवतो.

गच्चीवाली_ठाणे | ८ सप्टेंबर, सकाळी १०:०५

काका, काय सुंदर समजावलंत! वाखुसा (वाचनखूण साठवली).

माझी शेती म्हणजे बारा कुंड्या आणि एक फुटका टब. दर वर्षी वांगी आणि टोमॅटोची रोपं अशीच मान टाकतात. मी समजत होते कबुतरं करतात.

एक आठवलं. रत्नागिरीला माझी आजी दुधी, पडवळ, काकडीचं बी शेणात कालवून त्याच्या थापट्या चुलीमागच्या भिंतीवर थापायची. पावसाळ्याआधी थापटी फोडायची आणि शेणासकट बी आळ्यात. आम्ही नाक मुरडायचो. ती म्हणायची "किडीसाठी". हे त्यातलंच का?

सूक्ष्मदर्शी | ८ सप्टेंबर, दुपारी १२:३०

ताई, आजींचा मुख्य हेतू त्या म्हणाल्या तोच असणार: भुंग्यापासून बचाव आणि धुराने कोरडं राहणं. तरी बी ओलं झालं त्या क्षणी त्याच्याभोवती शेणातले जिवाणू हजर होते हे खरंच. महिनोन् महिने वाळूनही टिकणारे, म्हणजे मुख्यतः बॅसिलससारखे बीजाणू धरणारे. फायदा होत असेल असं मला वाटतं. सिद्ध झालंय असं म्हणणार नाही.

सिद्ध झालेलं हवं असेल तर त्याच कॉर्नेलचं गांडूळखताचं काम बघा. काकडीचं बी त्यांनी गांडूळखतात फक्त आठ तास ठेवलं. मग काढून निर्जंतुक वाळूत लावलं आणि वर पिथियमचे चलबीजाणू सोडले. रोपं वाचली. तेच खत आधी निर्जंतुक करून वापरलं तर नाही वाचली. म्हणजे राखण खतातल्या अन्नाने केली नाही, जिवंत वस्तीने केली. आणि आठ तासांत बियाच्या अंगावर जेवढी वस्ती चढली तेवढी पुरली. बियाचा वासच बदलला, त्यामुळे चलबीजाणू त्याच्याकडे यायचेच कमी झाले.

कृषी_केंद्रवाला | ८ सप्टेंबर, रात्री ९:१०

दुकान बंद करून लिहितोय. गेली अठरा वर्षं कृषी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे धाग्यात खलनायक मीच दिसतो. थोडी आमचीही बाजू ऐका.

गिऱ्हाईक येतं तेव्हा रोपं आडवी झालेली असतात. तेव्हा त्याला "काका, बियाला आधी ट्रायकोडर्मा लावायला हवा होता" म्हटलं तर तो शेजारच्या दुकानात जातो. कार्बेन्डाझिम दिलं जातं कारण ते स्वस्त आहे आणि सगळ्यांना तोंडपाठ आहे. पिथियमवर मेटालॅक्झिल चालतं हे मला माहीत आहे, सांगतोही. सगळे सांगत नाहीत, मान्य.

आता तुमच्या लाडक्या ट्रायकोडर्माचा हिशेब मांडतो. पाकिटावर काय लिहिलेलं असतं? ग्रॅमला वीस लाख जिवंत बीजाणू. किलोभर बियाला पाच ग्रॅम लावायचं, म्हणजे एक कोटी. ऐकायला भारी. कांद्याचं बी किलोत किती बसतं? अडीच ते तीन लाख. भागा. एका बियाच्या वाट्याला पस्तीस-चाळीस बीजाणू. तेही पाकीट ताजं असेल तर. पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मे काढलेल्या पाकिटात चाळीसातले चार तरी जिवंत असतील का? आणि ते शेतकऱ्याने उन्हात वाळवलं तर संपलंच.

मी विकतो म्हणून सांगतो: तारीख बघून घ्या, सावलीत ठेवलेलं घ्या, घरी नेऊन पत्र्याखाली ठेवू नका. दहा ग्रॅम लावलं तरी बिघडत नाही, हे काही विष नाही.

काळी_माती | ८ सप्टेंबर, रात्री ९:३२

चाळीस! मी आजवर कोटीच बघत होतो. भागाकार कधी केलाच नाही.

वाफसा | ८ सप्टेंबर, रात्री १०:२०

केंद्रवाले दादा, तुम्ही खलनायक नाही, माझा दुकानदार वेगळा आहे :)

पाकीट जिवंत आहे का हे घरी कसं कळेल? कोणी म्हणालं, शिजलेल्या भातावर भुरभुरायचं आणि हिरवं आलं की समजायचं चांगलं.

सूक्ष्मदर्शी | ८ सप्टेंबर, रात्री १०:४५

करा, पण भाताच्या दोन वाट्या ठेवा. एकीत पावडर, दुसरीत काही नाही. शिळ्या भातावर हवेतली हिरवी बुरशीही येते आणि माणूस तिलाच ट्रायकोडर्मा समजून आनंदाने बियाला लावतो. पावडरवाल्या वाटीत चार-पाच दिवसांत आधी पांढरं आणि मग गर्द हिरवं दाट आलं, आणि दुसरी तेव्हा तशीच असली, तरच काहीतरी अर्थ.

गोठणीवरचा | ९ सप्टेंबर, सकाळी ८:००

एवढा खटाटोप कशाला? बीजामृत करा. वीस लिटर पाणी, पाच किलो शेण, पाच लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम चुना, बांधावरची मूठभर माती. रात्रभर ठेवा, सकाळी बियाला लावा. एक क्विंटल बियाला पुरतं. फुकट आहे म्हणून कोणी सांगत नाही. आम्ही सात वर्षं हेच करतो, मर माहीत नाही.

कृषी_केंद्रवाला | ९ सप्टेंबर, सकाळी ८:४०

तुमच्या वाफ्यात पाणी साचतं का ते सांगा आधी.

गोठणीवरचा | ९ सप्टेंबर, सकाळी ९:०५

माळरान आहे. पाणी थांबतच नाही.

कृषी_केंद्रवाला | ९ सप्टेंबर, सकाळी ९:०६

झालं मग.

सूक्ष्मदर्शी | ९ सप्टेंबर, सकाळी ११:२०

भांडू नका. बीजामृतात जिवाणू भरपूर असतात यात वाद नाही. माझी अडचण एवढीच की प्रत्येक गोठ्याचं, प्रत्येक दिवसाचं बीजामृत निराळं. आज चाललं म्हणून उद्या चालेलच याची खात्री देता येत नाही. मूठभर मातीही नीट बघून घ्या: निरोगी झाडाखालची, मर लागलेल्या वाफ्याशेजारची नव्हे. टोमॅटो-मिरचीचं नाजूक बी त्यात भिजत ठेवू नका. बुडवलं, काढलं, सावलीत सुकवलं, एवढंच. आणि कोथिंबीर, मेथी, मुळा असं कच्चं खायचं असेल तर ताज्या शेणाबाबत जपून. शेणात पोट बिघडवणारे जिवाणूही असतात, ते आपण गाय कोणती यावर ठरवू शकत नाही.

टोरांटोचा_टोमॅटो | ९ सप्टेंबर, रात्री ११:५०

इथून तासाभरावर ग्वेल्फ विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधकांनी काकडी, भोपळा, कलिंगड, खरबूज अशा वेलवर्गीय भाज्यांच्या बियांच्या आत राहणारे जिवाणू वेगळे काढले. आत म्हणजे बाहेर चिकटलेले नाहीत, आईच्या झाडाकडूनच मिळालेले. त्यात बॅसिलस आणि त्याचे भाऊबंद खूप निघाले, आणि पुष्कळांनी काचेच्या बशीत रोगकारक बुरशी आणि पिथियमच्या कुळातल्यांना रोखून धरलं. म्हणजे वाफसा यांच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. बी माहेरून काही शिदोरी घेऊन येतं.

माझा प्रश्न निराळा. मी इथे पाकिटातलं बी आणतो ते गुलाबी किंवा निळं असतं. तिकडेही हायब्रीड तसंच येतं ना? त्यावर आधीच थायरमसारखं औषध. मग वरून ट्रायकोडर्मा लावून काय होणार?

कृषी_केंद्रवाला | १० सप्टेंबर, सकाळी ७:३०

रंगीत बी आलं की बियाला लावायच्या भानगडीत पडू नका. ट्रायकोडर्मा मग माध्यमात घाला: कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा वाफ्याच्या शेणखतात मिसळून, आठ-दहा दिवस ओलं झाकून ठेवून. आणि रासायनिक, जैविक दोन्ही लावायचंच असेल तर क्रम पाठ करा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. उलटं केलं तर जिवाणूंवर विष ओतल्यासारखं. रंगीत बी धुऊन, उरलेलं कोंबड्यांना घालणारे महाभाग पाहिलेत मी, म्हणून हेही सांगतो: ते घालू नका.

काळी_माती | १० सप्टेंबर, सकाळी ८:१५

"बी माहेरून शिदोरी आणतं" छान आहे, पण माहेरून रोगही येतात राव. कोबीचा घाण्या रोग बियातून येतो. कांद्याची काळी बुरशीही. आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी एकाने घरच्या बियाची फुलकोबी केली, पानांच्या कडेला पिवळे व्ही पडले आणि शिरा काळ्या. अख्खा प्लॉट सोडून दिला. घरचं बी म्हणजे पवित्र, असं काही नसतं.

सूक्ष्मदर्शी | १० सप्टेंबर, सकाळी १०:००

अगदी बरोबर, आणि हा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता. घाण्यासाठी कोबीचं बी ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवतात. फुलकोबीला थोडा कमी वेळ. थर्मामीटर हवाच, बोट घालून अंदाज नको. दोन-तीन अंश वर गेलं तर बीच उगवत नाही.

पण त्या गरम पाण्यात भले-बुरे दोन्ही जातात. मग ते बी म्हणजे झाडून काढलेलं रिकामं घर. तसंच मातीत टाकलं तर पहिला येईल तो मालक. कोकोपीटचंही तेच. लोकांना वाटतं कोकोपीट स्वच्छ, म्हणून रोग नाही. स्वच्छ आहे तोवर नाही. पण एकदा विहिरीच्या पाण्यातून किंवा न धुतलेल्या ट्रेमधून पिथियम शिरला की त्याला अडवणारं तिथे कोणी नसतं. वाफेने निर्जंतुक केलेल्या मातीत तो घुसला तर साध्या मातीपेक्षा जास्त रोपं मारतो. तेव्हा गरम पाण्यातून काढलेलं बी सावलीत सुकवून लगेच ट्रायकोडर्मा किंवा सुडोमोनास लावा. घर रिकामं ठेवू नका.

वाफसा | १० सप्टेंबर, रात्री ११:०५

एवढं वाचून हात शिवशिवायला लागलेत. शनिवारी ट्रे लावतोय. चार ट्रे, ९८ खणांचे, सगळ्यांत टोमॅटो, एकाच पाकिटातलं बिनरंगी बी. प्रत्येकाच्या कोकोपीटमध्ये वाफ्यातल्या टकलाची माती वाटीभर मिसळणार, म्हणजे चोर सगळीकडे सारखा.

पहिला ट्रे: काहीच नाही. दुसरा: बियाला ट्रायकोडर्मा. तिसरा: बी पातळ फडक्यात पुरचुंडी बांधून रात्रभर ओल्या गांडूळखतात पुरणार, सकाळी पेरणार. चौथा: तसंच, पण गांडूळखत आधी कुकरमध्ये तीन शिट्ट्या काढून. आईला अजून सांगितलेलं नाही.

सूक्ष्मदर्शी | ११ सप्टेंबर, सकाळी ६:१०

शाब्बास. तीन शिट्ट्यांवर थांबू नका, मंद आचेवर पाऊण तास ठेवा. दुसऱ्या दिवशी परत एकदा. शिवाय शंभर बिया ओल्या फडक्यात वेगळ्या उगवून बघा, नाहीतर कमी उगवलं तर दोष बियाचा की पिथियमचा कळणार नाही. आईंना माझा नमस्कार आणि आगाऊ माफी.

कृषी_केंद्रवाला | ११ सप्टेंबर, सकाळी ७:०२

हे फडक्याचं सगळ्यांनी करा. बी जमिनीतच कुजतं, वर येतच नाही आणि शेतकरी येऊन म्हणतो "फसवं बी दिलं". कांद्याच्या प्रमाणित बियाला किमान सत्तर टक्के उगवण लागते. फडक्यात पंचाहत्तर आणि वाफ्यात चाळीस असेल तर मधले पस्तीस कुठे गेले, ते मला विचारू नका, मातीला विचारा.

गच्चीवाली_ठाणे | २८ सप्टेंबर, दुपारी ४:४०

धागा वर काढतेय. वाफसा, कुकरचं काय झालं?

वाफसा | ५ ऑक्टोबर, रात्री ९:५५

उशिराबद्दल माफी. कुकर जप्त झाला. आता घरात दोन कुकर आहेत, एकावर नेलपेंटने "माती" लिहिलंय.

मोजणी परवा केली. फडक्यात शंभरातले ८८ उगवले होते, म्हणजे बी चांगलं. ट्रेमध्ये उभी असलेली रोपं, ९८ पैकी:

काहीच नाही: ४९
ट्रायकोडर्मा: ६४
गांडूळखत: ७९
कुकरमधलं गांडूळखत: ५१

चौथ्या ट्रेने मला गप्प केलं. तेच खत, तीच पुरचुंडी, तेवढीच रात्र. फक्त मेलेलं. आणि आकडा जवळपास पहिल्या ट्रेचाच. भाऊ पण दोनदा मोजून आला.

पडायची पद्धतही बघितली. पहिल्या आणि चौथ्यात पुष्कळ खणांमधून काही वर आलंच नाही. उकरलं तर बियाचं नुसतं टरफल, आत पिठूळ घाण. तिसऱ्यात वर आलेलं बहुतेक टिकलं.

ट्रायकोडर्माचा ट्रे मात्र विचित्र. बाकी ट्रे सुंदर, एक कोपरा साफ. भाताची परीक्षा पास झालेलं पाकीट होतं, दोन वाट्यांसकट.

काळी_माती | ५ ऑक्टोबर, रात्री १०:१२

साफ झालेला कोपरा कोणत्या बाजूचा? तिथे काय आहे?

वाफसा | ५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

...नळ. गळका. ट्रेचा तो कोपरा कायम ओला असायचा. आत्ता तुम्ही विचारल्यावर डोक्यात आलं.

काळी_माती | ५ ऑक्टोबर, रात्री १०:३१

पहिल्याच प्रतिसादात काय लिहिलं होतं मी?

सूक्ष्मदर्शी | ६ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

वाफसा, मजा आली. पण मास्तर म्हणून लाल शाई उघडतोच. प्रत्येकी एकच ट्रे, तोही एकाच जागी ठेवलेला. नळाने दुसऱ्याला मारलं, तसं सावलीने किंवा वाऱ्याने तिसऱ्याला तारलं नसेल कशावरून? पुढच्या खेपेला प्रत्येकी तीन-तीन ट्रे आणि रोज जागा बदला. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्याची तुलना करून "गांडूळखत ट्रायकोडर्मापेक्षा भारी" असं म्हणू नका, त्याला नळ आडवा येतो. तिसरा आणि चौथा यांच्यातला फरक मात्र मला खरा वाटतो.

त्या ट्रेमधलं कोकोपीट वाफ्यात टाकू नका. ट्रे धुऊन उन्हात ठेवा.

गोठणीवरचा | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

पुढच्या वेळी पाचवा ट्रे बीजामृताचा लावा. शेण-गोमूत्र मी पाठवतो. आणि नळ दुरुस्त करून.

टोरांटोचा_टोमॅटो | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:००

कुरियरने गोमूत्र. वा. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

वाफसा | ६ ऑक्टोबर, रात्री ११:२०

पाठवा, लावतो.

आज घरी एक प्रकार झाला तो सांगून झोपतो. उन्हाळ कांद्याचं उळं पुढच्या महिन्यात टाकायचंय. बियाचा डबा काढायला गेलो तर डब्यावर खडूने भावाचं अक्षर: "औषध लावू नये". शेजारी गांडूळखताची अर्धी गोणी, तोंड ओल्या बारदानाने झाकलेलं. आणि नळाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. मी काहीच बोललो नाही. तोही नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "पुरचुंडीला आईचं पातळ नको घेऊ, गेल्या वेळी मलाच बोलणी बसली."